दोन टकल्या आणि नळाचा दिवस

कूलरचं गवत बदलायला काढलं की माझ्या डोक्यात एक जुना उन्हाळा भिजायला लागतो. दर एप्रिलात मी औरंगपुऱ्यातून गवताच्या तीन जाळ्या आणतो, दर वर्षी त्यातली एक मापाला चुकते, आणि दर वर्षी मी ती गुडघ्यानं दाबून बसवतो. मग पहिलं पाणी सोडलं की त्या कोरड्या गवताला एक वास सुटतो. ओल्या पोत्याचा, थोडा गोठ्याचा, थोडा लहानपणीच्या शाळेतल्या माठाखालच्या वाळूचा. त्या वासात मला खिडकीचे गज दिसतात आणि गजांना धरून उभी असलेली दोन टकली डोकी. डावीकडचं कुणाचं आणि उजवीकडचं कुणाचं, हे मला तेव्हा सांगता आलं नव्हतं. आता सांगता येतं असं मी पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत समजत होतो.

रेवा आणि ईरा माझ्या मुली. जुळ्या. काही जुळ्या नावापुरत्या जुळ्या असतात, एक आईवर जाते, दुसरी आत्यावर. आमच्या तशा नव्हत्या. जन्मल्या त्या दिवशी नर्सनं कापडात गुंडाळलेली एक माझ्यापुढं धरली. मी डोळे भरून पाहिली आणि म्हणालो, "हिला पाहिलं, आता दुसरी दाखवा." नर्स म्हणाली, "ही दुसरीच आहे. पहिली मघाशी दाखवली." तिथून जी सुरुवात झाली ती झाली. त्यात माझ्या आईनं फोनवर सांगितलं, जी मागून येते ती थोरली, कारण ती आत आधी जाऊन बसलेली असते. सासूबाईंना हे मान्य नव्हतं. म्हणजे कोण कोणती हे कळायच्या आधीच कोण थोरली यावर दोन घरांत बोलणं बंद झालं होतं.

तो उन्हाळा आला तेव्हा पोरी पावणेदोन वर्षांच्या होत्या. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळं मे महिना रिकामा. बायको वैशाली शेंद्र्याला एका कंपनीच्या तपासणी विभागात, तिला कसली सुट्टी? सकाळी पावणेआठला कंपनीची बस उस्मानपुऱ्याच्या कोपऱ्यावर येते, ती सहाला सोडते. मी चार लोकांत छाती काढून सांगितलं, "सुट्टीभर मी सांभाळतो. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. पोरी दोन दिशांना पळायच्या. जगातल्या सगळ्या वस्तू खाली पडतात असं मी पोरांना वीस वर्षं शिकवलं, पण दोन वस्तू एकाच वेळी विरुद्ध दिशांना सुटल्या तर एका बापानं काय करायचं, हे कुठल्याच धड्यात नाही. मी आपला जवळचीला धरायचो. तोवर लांबची फाटकापाशी. बऱ्याच धापा टाकल्यावर अक्कल आली की लांबचीला धरायचं. जवळची आपोआप मागं येते, कारण लांबचीला काय सापडलं ते तिला बघायचं असतं.

मग पेल्यांचं प्रकरण. एक लाल, एक निळा पेला आणला. दोघींना लालच हवा. रिक्षा करून परत गेलो, निळा देऊन लाल आणला. आता दोन लाल, अगदी एका साच्यातले. तर त्यातल्या एकाच पेल्यावर दोघींचा जीव! दुसरा पुढं केला की भोकाड. मी दोन्ही पेले पाठीमागं लपवून अदलाबदल करून पाहिले, फसल्या नाहीत. मला पोरी ओळखता येत नव्हत्या आणि पोरींना पेले ओळखता येत होते.

आणि माझा सगळ्यात मोठा शहाणपणा म्हणजे हाक. कोण कोणती ते नक्की नसल्यानं मी दोन्ही नावं एका श्वासात मारायचो, "रेवाईराऽ!" एक तरी बरोबर लागणारच, असा हिशेब. त्याचा परिणाम असा की 'रेवा' म्हटलं तरी दोघी बघायच्या, 'ईरा' म्हटलं तरी दोघी. आपलं दोघींचं मिळून एकच लांबलचक नाव आहे आणि बाप कधी कधी आळसानं ते अर्धंच घेतो, अशी त्यांची समजूत झाली असावी.

वैशालीला मात्र कळायचं. तिची खूण म्हणजे डोक्यावरचा भोवरा. रेवाचा उजवीकडं, ईराचा डावीकडं. आंघोळ घालताना, वेणीएवढे नसलेले केस विंचरताना तिचा हात तिथं जायचा आणि तोंडातून नाव यायचं. मी भोवरा शोधेपर्यंत पोरगी पळालेली असायची.

त्यात जावळ काढायचं ठरलं. एकविसावा महिना, विषम, चांगला. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, आणि मामा एकच. बिचारा आधी एकीला घेऊन बसला, मग दुसरीला. मधे दहा मिनिटं अशी होती की एक टकली आणि एक केसाळ. तेवढी दहा मिनिटं मी दोघींना बिनचूक नावानं हाका मारत अंगणभर मिरवलो. मग न्हाव्यानं दुसरीचंही उरकलं आणि माझी ओळख संपली. भोवरेही केसांबरोबर परातीत गेले. वैशालीनं त्याच संध्याकाळी रेवाच्या मनगटाला लाल दोरा बांधला, ईराच्या काळा. मला बजावलं, "अहो, लाल रेवा. काळा ईरा. एवढं तरी लक्षात ठेवा."

ठेवलं. आठ दिवस ठेवलं.

नवव्या दिवशी आमच्याकडं नळाचा वार होता. आमच्या शहरात वार दोन प्रकारचे असतात, पंचांगातले आणि नळाचे. पंचांगातला वार विसरला तर चालतो. नळ आठ-आठ दिवसांनी येतात. त्या दिवशी लग्नाला जात नाहीत, पाहुण्याला या म्हणत नाहीत, आणि किती वाजता पाणी सुटेल ते पाणी सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आदल्या रात्रीपासून रेवाला ताप होता. डॉक्टरांनी तापाचं औषध दिलेलं. वैशाली निघताना दारातून म्हणाली, "अकरा वाजता चार एमएल. फक्त रेवाला. लाल दोरा. अंग फार तापलं तर कोमट पाण्यानं पुसून घ्या."

साडेदहाला मी पुसायला घेतलं. एकीला पुसतोय म्हटल्यावर दुसरीही कपडे ओढायला लागली, म्हणून दोघींना पाटावर बसवलं. तेवढ्यात दिसलं की रेवा आपला लाल दोरा चोखतेय आणि तिचे ओठ गुलाबी झालेत. रंग सुटत होता. माझ्यातला विज्ञानाचा मास्तर जागा झाला. कसला रंग, काय रसायन, पोरीच्या पोटात! कात्री आणली आणि लाल दोरा कापला. मग वाटलं, काळाही सुटत असेल. तोही कापला. चिंता काहीच नव्हती. रेवा उजव्या पाटावर होती, ईरा डाव्या. पुसून झालं की नवे दोरे बांधायचे. अकराला उजवीकडचीला औषधही पाजलं. कपडे घातले. आणि गल्लीच्या तोंडापासून आरोळी आली, "नळ आलेऽऽऽ!"

ही आरोळी ऐकून जागेवर थांबलेला माणूस मी अजून पाहिला नाही. दोघींना गादीवर ठेवलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि अंगणात पळालो. घर तळमजल्याचं, नळ खिडकीसमोर. पोरी नजरेसमोर राहतील अशी माझी व्यवस्था. राहिल्याही. गज धरून उभ्या राहिल्या. मी मोटर लावली, पाइप निसटला, बांधला, पुन्हा निसटला, पिंप भरलं, हौदात सोडलं. दर वेळी मान वर करून बघायचो, तर दोन टकली जागच्या जागी. मनात म्हणायचो, आहेत हं. त्यांनी मधल्या मधे जागा किती वेळा बदलल्या असतील, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

आत आलो तेव्हा अकरा पंचवीस. एक रडत होती. मी घड्याळ पाहिलं. अरे, अकराचा डोस राहिला! रडते म्हणजे तिलाच ताप. धरली, चार एमएल पाजलं. झाकण लावायला गेलो तर मापाची टोपी आधीच चिकट. खाली टेबलावर औषधाचा एक गुलाबी गोल. तो मघाचा.

मी खाली बसलो. अकराला औषध दिलं होतं. आता कुणाला दिलं? रेवालाच दुसऱ्यांदा? की ईराला, जिला तापच नाही? कपाळाला हात लावून पाहिलं. दोन्ही कपाळं तापलेली. पण मे महिना, दुपार व्हायला आलेली. आमच्याकडं त्या वेळी पितळी कडी तापते, गादी तापते, पिण्याचं पाणी तापतं. थर्मामीटर लावला, दोघींत जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक, आणि थर्मामीटर काखेतून काढताना हातातून पडला म्हणून पुन्हा लावला, तर फरक उलटा. "रेवा," मी हाक मारली. दोघींनी पाहिलं. "ईरा." दोघींनी पाहिलं. एक हसली.

वैशालीचा फोन कंपनीच्या लॉकरमधे. डॉक्टरीणबाईंना लावला.

"दोनदा दिलं?" त्या म्हणाल्या. "कुणाला?"

"तेच... एकीला दोनदा, किंवा दोघींना एकेकदा."

"म्हणजे?"

"म्हणजे, मॅडम, घाईत जरा..."

 त्यांनी वजन विचारलं, औषधाच्या बाटलीवरचा आकडा वाचून घेतला. "हे बघा, एकदा दुप्पट गेलं म्हणून घाबरून जाऊ नका. पण आज मला विचारल्याशिवाय पुढचा डोस द्यायचा नाही. लक्ष ठेवा. उलटी झाली, सुस्त वाटली, उठवून उठेना, तर लगेच घेऊन या."

"कोणतीला?"

"दोघींना आणा हो!" आणि फोन ठेवला.

बाहेरून भिंतीपलीकडच्या शाहीन आपा ओरडल्या, "ओ सर! हौद वाहून चाललाय तुमचा! इथं लोक बादलीला तरसतायत, तुम्ही रस्ता धुताय?" शाहीन आपा फॉल-पिको करतात, पोरी जन्मल्यावर तीन महिने त्यांनीच मालिश केली होती. मी जाऊन मोटर बंद केली. आपांना काहीच सांगितलं नाही. स्वतःच्या पोरी ओळखत नाही हे शेजारी कसं सांगायचं? एवढी एक इज्जत शिल्लक होती.

आणि मग मी पोरींच्या पुढ्यात बसलो. दुपारभर बसलो. कूलर घरघरत होता, ओल्या गवताचा वास खोलीत फिरत होता, बाहेर रस्ता पांढरा पडला होता. पावणेदोन वर्षांत मी त्यांच्या मागं पळालो होतो. त्यांच्याकडं इतका वेळ नुसतं बघत बसलो नव्हतो. कुठली पेंगते, कुठली ओठ चाटते, कुणाचा श्वास जोरात चालतो. बघता बघता दिसायला लागलं. एक पोरगी आंब्याची फोड आधी नाकाला लावते, मग तोंडाला. दुसरी सरळ गिळते आणि मग पहिलीची फोड बघत बसते. एक झोपताना बहिणीचा कान धरते, स्वतःचा नाही. दुसरी तो धरू देते आणि झोप लागली की हळूच सोडवून घेते. पडल्यावर एक लगेच रडते. दुसरी आधी कुणी बघतंय का ते बघते. माझ्यासारखी.

चारच्या सुमाराला दोघी उठल्या. टवटवीत. पाणी मागितलं, पेल्यावरून भांडल्या. मी पहिल्यांदा श्वास सोडला. आणि लक्षात आलं की आता मला पोरी कुठूनही ओळखता येतील, पाठमोऱ्याही. ही कान धरणारी, ती कान सोडवणारी. फक्त त्यांतली रेवा कोणती ते मला ठाऊक नव्हतं. माणूस अख्खा ओळखीचा झाला आणि नाव हरवलं. शेत बांधापर्यंत ओळखीचं असावं आणि सातबाऱ्यावरचा त्याचा गट नंबर ठाऊक नसावा तसं काहीतरी.

सहाला वैशाली आली. पर्स खांद्यावर असतानाच मी सगळं सांगून टाकलं. दोरा, नळ, औषध, डॉक्टरीणबाई. ती आधी औषधाचंच विचारत राहिली. खाल्लं का, शू केली का, झोपल्या किती. मग दोघींना मांडीवर घेतलं. मी वाट पाहत होतो की आता हात डोक्यावर जाईल आणि नाव येईल. हात गेला. टकल्यावरून फिरला, इकडं, तिकडं. पुन्हा फिरला.

"काय झालं?"

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "जावळ काढल्यापासून मीसुद्धा दोराच बघते."

इतका वेळ मला वाटत होतं की चूक माझी आहे, आणि चूक माझी असली की ती निस्तरणारी बायको असते. संसार त्यावर चालतो. आता आम्ही दोघं गादीवर बसलो होतो, मधे आमच्या दोन मुली, आणि आम्हा दोघांपैकी कुणालाही त्यांना नावानं हाक मारता येत नव्हती. वैशालीचे डोळे भरले. "केस आले की भोवरा दिसेल," मी म्हणालो. "तोपर्यंत काय म्हणायचं त्यांना?" ती म्हणाली. "आणि दोन महिन्यांनी कळलं की आपण उलट हाका मारत होतो, तर? त्या तर तोवर शिकलेल्या असतील."

 ताप तरी सांगेल म्हणावं, तर सातला दोघींनाही ताप भरला. तोही पुरावा बुडाला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, साथच आहे, दोघींना द्या औषध, आणि या वेळी कुणीतरी लिहून ठेवा. दिलं. लिहिलं. मग इज्जत घरात ठेवून, दोन पोरी दोन खांद्यांवर घेऊन, आम्ही भिंतीपलीकडं गेलो.

आपांनी सगळं ऐकून घेतलं. मशीनवरून उठल्या. "या अल्ला! माँ-बाप होके मेरेकू पूछ रहे?" हसल्या, पण वैशालीकडं बघून लगेच थांबल्या. पोरींना एकेक करून घेतलं. कानामागं पाहिलं, तळवे पाहिले, पाठ दिव्याकडं वळवून पाहिली. काळ्या कापडात काळ्याच्या चार छटा ओळखणारी बाई. 

"ही रेवा," त्यांनी कान धरणारीच्या हनुवटीला बोट लावलं. "आणि ही ईरा. मी मालिश केलीय यांची, मला नाय कळणार? बांधा धागा."

त्यांच्याच डब्यातला धागा बांधला. वैशालीनं तिथंच दोघींचे पापे घेतले, नाव घेऊन घेऊन. दोन दिवसांत ताप उतरला. जूनमधे केस आले, तेव्हा मी भोवरा बघायला गेलो, तर वैशालीनं माझा हात धरला. "आपांनी सांगितलंय ना?" मी हात मागं घेतला. त्यानंतर आम्ही कुणीच तिथं पाहिलं नाही. पाहिलं असेल तर एकमेकांना सांगितलं नाही.

आता पोरींना आठवं लागलंय. रेवा चित्रं काढते, ईरा भांडते. रेवाच्या वहीवर रेवा, ईराच्या आधारवर ईरा. पंधरा दिवसांपूर्वी कूलरच्या जाळ्या बसवून झाल्यावर मी आपांकडं गेलो होतो. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा लावून ओसरीवर बसल्या होत्या. आत सून पन्हं करत होती. बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "आपा, तुमच्या नजरेला काय होणार? आठवतं का, त्या दिवशी आमच्या पोरी कशा झटक्यात ओळखल्यात!"

आपा हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतक्या. "कायकी नजर सर! अंदाजे से बोल दी थी मैं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? दोनों के सर अंडे के जैसे. मेरेकू क्या मालूम! पन वैशाली का मुँह देखा ना तुमी? अजून थोडा वेळ गेला असता तर तिथंच बसून रडली असती ती. कुछ तो बोलना था."

"अहो आपा, पण मग..."  सहा वर्षं. सहा वाढदिवस, दोन बालवाड्या, रेवाचं बक्षीस, ईराचा मोडलेला हात. कुणाचं बक्षीस, कुणाचा हात?

आपांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "दोन पोरी होत्या, दोन नावं होती. पुरली की नाय? जा, पोरींना बोलवा, पन्हं झालंय."

मी भिंतीपाशी गेलो. पलीकडं अंगणात दोघी पाठमोऱ्या बसून काहीतरी उकरत होत्या. तोंड उघडलं, पण सहा वर्षांत पहिल्यांदा नाव बाहेर पडेना. शेवटी जे आलं ते मारलं, "ईराऽ!"

जी वळली ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पप्पा, मी रेवा आहे."

घाईत माझ्या तोंडी उलटं नाव येतं, त्यामुळं हे मी हजारदा ऐकलंय. ती बिचारी वैतागते, मी 'बरं बरं' म्हणतो, संपलं. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "नक्की?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराकडं बघतो. हाताची माती झग्याला पुसली.

"मग कोण असणार मी?" ती म्हणाली, आणि बहिणीच्या आधी पन्ह्याकडं पळत सुटली.